धोधाकडे तोंड, माणसांकडे पाठ

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिंडोलीतल्या घराच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. फोनवर त्याचा मुलगा मनोज होता. "काका, पप्पा गयात," एवढंच म्हणाला. दुपारी जेवून भास्कर आडवा झाला होता. कुसुमवहिनी चहाला उठवायला गेली, तर उठलाच नाही... मी "निघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि चप्पल शोधायला लागलो. आता खरं सांगतो, कारण खोटं लिहायचं असेल तर आठवणी लिहूच नयेत. चप्पल शोधताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आता गावचे पाहुणे आपल्याकडे उतरतील. माझा सख्खा चुलतभाऊ गेला होता, आम्ही एका ताटात जेवून वाढलो होतो आणि मला हे सुचत होतं. रिक्षात बसल्यावर रडू आलं, पण ते दुसरं. पहिला आला तो हेवाच. चाळीस वर्षं घरातल्यासारखा राहिलेला, तो कशाला मागे राहील?

भास्कर माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा. सहा महिनेच, पण त्या सहा महिन्यांच्या जोरावर तो जन्मभर मोठा राहिला. पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघं एकाच पिशवीत कपडे घेऊन सुरतेला आलो, उधन्याला एकाच लूमच्या कारखान्यात लागलो, एकाच खोलीत सहा जणांमध्ये झोपलो. सहा वर्षांनी मी लूम सोडली आणि कापड मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात सेल्समन झालो. गादीवर बसायचं, साडी उलगडायची, गोड बोलायचं. भास्कर लूमवरच राहिला. मी डिंडोलीत रो-हाउस बांधलं, दोन मजली, वर पाहुण्यांसाठी वेगळी खोली, तिला वेगळा संडास. भास्करचं घर म्हणजे उधन्याच्या गल्लीतली एक लांबट खोली आणि पुढे पत्र्याचा ओटा. तरी गावाकडून कोणीही येवो, उधना स्टेशनला उतरून सरळ भास्करच्या दारात. आठ-आठ माणसं त्या खोलीत दाटीवाटीनं झोपायची आणि माझ्या वरच्या खोलीत गाद्यांना कुबट वास यायचा. "तिकडे कशाला अडचणीत झोपता?" असं मी एकदा धाकट्या आत्याला विचारलं, तर आत्या म्हणाली, "अडचण कसानी रे? तठे बरं वाटस." आता तिला काय, संडास वेगळा आहे म्हणून सांगणार?

लूमच्या कारखान्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चाळीस-पन्नास लूम एका पत्र्याखाली चालतात तेव्हा शेजारी उभ्या माणसानं कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून लूमवरचा माणूस ओरडत नाही. तो नुसते ओठ हलवतो आणि समोरचा ओठ वाचतो. नवा माणूस महिनाभर बावचळतो, मग त्यालाही जमायला लागतं. चहा हवा असेल तर अंगठा ओठाला, शेठ येत असेल तर मिशीवरून बोट, बाकी सगळं ओठांवर. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची बायको रुसून माहेरी गेली, सगळी सुखदुःखं आम्ही आवाजाशिवाय बोललो आहोत. भास्कर त्यात वस्ताद होता. कारखान्याच्या या टोकाला उभा राहून तो त्या टोकाच्या माणसाचं बोलणं वाचायचा. चाळीस वर्षांत त्याचे कान गेले, पण गल्लीत शेवटपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही, कारण तुमचं तोंड त्याच्याकडे असलं की त्याला सगळं ऐकू यायचं.

तर पाहुणे. भास्करनं पाहुण्यांसाठी एक कार्यक्रम ठरवलेला होता. तो त्यानं कधी मोडला नाही. येणाऱ्यानं दोन दिवस काढूनच यायचं, आणि यायचं ते श्रावण-भादव्यात. पहिला दिवस शहराचा. सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या वाफाळता लोचो, म्हणजे चण्याच्या डाळीचा मऊ ढोकळा, वर तेल आणि शेव. मग मार्केट, मग किल्ला, मग तापीवरचा पूल पायी चालत, संध्याकाळी डुमसच्या काळ्या वाळूवर बसून टमाट्याची भजी. मार्केटमध्ये तो पाहुण्यांना माझ्या दुकानातच आणायचा आणि दारातूनच म्हणायचा, "हा आपला रमेश. एसीमा बसस." पाहुणे हसायचे. मला तो टोमणा वाटायचा. मी पाहुण्यांपुढे साड्यांचा ढीग उलगडायचो आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचो. दुसरा दिवस धोधाचा. धबधब्याला आम्ही सुरतकर धोधच म्हणतो. पहाटे भाड्याची जीप, नवसारी, वासदा करत वघईला. वघईपासून जवळच अंबिका नदी काळ्या खडकांवरून अख्खीच्या अख्खी खाली उडी घेते, तो गिरा धोध. ज्यांनी गावातल्या नाल्यापलीकडे वाहतं पाणी पाहिलेलं नाही, अशी आमची माणसं तिथं पोचली की बोलायचंच विसरायची. भास्करचं एक वाक्य ठरलेलं असायचं : "शहर दखाडं तं मानूस थकस, पानी दखाडं तं निवस." शहर दाखवलं की माणूस थकतो, पाणी दाखवलं की निवतो. दोन्ही दाखवल्याशिवाय पाहुण्याला गाडीत बसवायचं नाही, हा त्याचा कायदा.

आणि ती पट्टी. लूमवर कापड निघतं तेव्हा काठाची एक बारीक पट्टी कापून पडते. तसल्या नारिंगी पट्ट्यांचं एक बंडल त्याच्या खोलीत खुंटीला लटकत असायचं. निघताना प्रत्येक पाहुण्याच्या मनगटाला तो पट्टी बांधायचा, गर्दीत आपलं माणूस ओळखू यावं म्हणून. म्हाताऱ्यांनाही बांधायचा. माझी माणसं, अशी खूण. मला त्यानं एकदा बांधायला हात पुढे केला तेव्हा मी म्हणालो, "मी काय हरवणार आहे?" त्यानं पट्टी खिशात ठेवली.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. एका वर्षी धाकट्या आत्याला आणि तिच्या घरच्यांना मी हट्टानं माझ्याकडे उतरवलं. मॉल दाखवला. तिथं सरकत्या जिन्यापुढे आत्या जी उभी राहिली ती हलेना. शेवटी मी आणि माझी बायको शोभा, आम्ही दोघांनी तिला दंडाला धरून उचलून चढवली, वर पोचल्यावर ती खाली बसून देवाचं नाव घ्यायला लागली. हॉटेलात जेवायला नेलं तर म्हणाली, इथलं वरण गोड आहे. संध्याकाळी मी सोफ्यावर बसवून विचारलं, "कसं वाटलं?" तर आत्या म्हणाली, "चांगलं शे. धोधले कव्हय जानं?" दुसऱ्या वर्षी मी चंग बांधला. शोभाच्या माहेरची माणसं मेच्या सुट्टीत आली होती, दहा जण. म्हटलं, भास्करच काय धोध दाखवतो? धोध काय त्याच्या बापाचा आहे? जीप केली, पहाटे निघालो, वाटेत मीच सांगत होतो की आता बघा, कानठळ्या बसतील. पोचलो तर समोर काळाकभिन्न उघडा खडक, आणि एका कोपऱ्यातून नळाची तोटी नीट बंद न केल्यासारखी एक धार. दोन म्हशी खालच्या डबक्यात बसलेल्या. माझा मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाणी सोडतात किती वाजता?" आजही सासरी गेलो की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. भास्करच्या कानावर गेलं तेव्हा तो हसला नाही, हे जास्त लागलं. त्यानं फक्त श्रावणात त्या दहाही जणांना परत बोलावून घेतलं आणि धोध दाखवला. परतताना शोभा मला म्हणाली, "तुम्हाला धोध दाखवायचाच नव्हता. तुम्हाला भास्करभाऊंचं नाव पुसायचं होतं." बायको असली की हे असं असतं.

आता मायची गोष्ट. ती सांगायची म्हणून तर हे सगळं लिहितो आहे. वडील गेल्यावर माय माझ्याकडे डिंडोलीला राहायला आली. गुडघे दुखायचे, दम लागायचा. ती धोधाचं नाव काढायची आणि मी म्हणायचो, "पाण्यात काय बघायचं माय? इथं तापी आहे की." दुकान, सीझन, लग्नसराई... माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता. एका श्रावणात भास्कर आला, मायच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "चाल मोठीमाय, तुले धोध दखाडस." माझ्याकडे बघून विचारलंसुद्धा नाही. माय उठलीच लुगडं बदलायला. माझी आई, माझ्या घरातून, माझ्यादेखत! मी पण जीपमध्ये मागे जाऊन बसलो, सोबत म्हणून नाही, पाळत म्हणून. तिच्या मनगटाला त्यानं नारिंगी पट्टी बांधली. वासद्यापर्यंत माय ती पट्टी फिरवून फिरवून बघत होती. धोधापाशी पोचल्यावर भास्करनं तिला हाताला धरून, एकेका दगडावर थांबवत खाली नेलं. मी फुगून वर मक्याच्या कणसांच्या टपरीपाशी बसून राहिलो.

तिथून मला मायची पाठ दिसत होती. एका सपाट खडकावर ती बसली होती, समोर अख्खा धोध, आणि भास्कर तिच्या आणि पाण्याच्या मध्ये, तिच्याकडे तोंड करून उभा, कोणी पुढे जाऊ नये म्हणून. थोड्या वेळानं मायनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिचे हात हलायला लागले. ती बोलत होती. भास्करशी नाही, पाण्याशी. त्या आवाजात आपलं कोणाला ऐकू जाणार, असं समजून ती मनातलं बोलत होती, मान हलवत, मध्येच कपाळाला हात लावत. आणि भास्कर तिच्या तोंडाकडे बघत होता. एखादं मिनिट असेल. मग तो एकदम वळला. तिच्याकडे पाठ केली आणि धोधाकडे तोंड करून तसाच उभा राहिला, माय थांबेपर्यंत. बराच वेळ लागला तिला. माझ्या हातातलं कणीस थंड झालं.

परतताना वघईला चहाला थांबलो तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. "काय म्हणत होती माय?" तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "धोधना आवाज केवढा! तठे काय ऐकू येस?" हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर चाललं असतं. पन्नास लूमच्या खडखडाटात ज्यानं माझे ओठ वाचले, माझं पहिलं प्रेमसुद्धा ज्याला मी आवाजाशिवाय सांगितलं, तो माणूस मला, एका लूमवाल्याला, आवाजाचं कारण देत होता. धडधडीत खोटं. मी लूम सोडली होती, पण विद्या विसरलो नव्हतो. मी टपरीपाशी फुगून बसलो नसतो तर मलाही सगळं दिसलं असतं. ती चूक माझी, पण राग मात्र त्याच्यावर धरला.

त्याच थंडीत माय गेली. तोवर तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "भास्करनी माले पानी दखाडं." दूधवाल्याला सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं. तिची औषधं मी आणत होतो, रात्री उठून पाणी मी देत होतो, आणि ती म्हणत होती, भास्करनी पानी दखाडं. तिच्या जाण्यानंतर तिची पेटी उघडायला गेलो तर कडीला कुलपाच्या जागी ती नारिंगी पट्टी बांधलेली. मी गाठ सोडवत बसलो नाही, कात्रीनं कापली... ते करायला नको होतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच किडा होता : माय तिथं माझ्याबद्दल बोलली असणार. रमेशनं आणलं नाही, रमेशला वेळ नाही, रमेश असा, रमेश तसा. आणि ते शेवटचं सगळं भास्करकडे आहे. माझ्या आईच्या मनातलं माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे आणि तो ते दाबून बसला आहे. जमिनीची वाटणी आमच्यात केव्हाच सरळ झाली होती, एक बांधसुद्धा सरकला नाही. पण हे वाटून घेता येईना आणि मागताही येईना. दहा-अकरा वर्षं मी त्याच्याकडे सणावारापुरता गेलो. तो येत राहिला. जायचा यायचा, शोभाच्या हातची ज्वारीची बिबडी मागून खायचा, जसं काही झालंच नाही.

शेवटची भेट ज्येष्ठातली. मीच काहीतरी कामानं उधन्याला गेलो होतो, म्हणून डोकावलो. काम सुटलं होतं त्याचं, ओट्यावर बसून तो पट्ट्या सारख्या लांबीच्या कापत होता. बाहेर गल्लीत कारखान्यांचा आवाज. त्यानं आवाज न काढता नुसत्या ओठांनी मला म्हटलं, आमच्या जुन्या पद्धतीनं, "औंदा तू ये संगे." यंदा तू सोबत ये. मला नीट वाचता आलं. मी गुडघा दाखवला, दुखतो म्हणून. गुडघा दुखत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि भास्करसारख्या माणसाच्या पुढ्यात तोंड लपवता येत नाही, म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

सुतक फिटतं त्या दिवशी, गंधमुक्तीला, अख्खं गाव लोटलं. मांडव गल्लीत टाकावा लागला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, भास्करनं आम्हाला धोध दाखवला होता. कोणी त्याचा स्वभाव सांगत नव्हतं, कष्ट सांगत नव्हतं, सगळे पाणी सांगत होते. जेवणं उरकल्यावर बाकीचे संध्याकाळच्या गाडीनं गेले, आत्याच्या घरची आणि आणखी काही अशी बारा-तेरा माणसं राहिली. कुसुमवहिनीनं भांडी आवरता आवरता मला हाक मारली. "रमेशभाऊ, सकायले जीप सांगा." मला कळेना. ती म्हणाली, मुक्कामाला थांबलेला पाहुणा धोध न बघता परत गेला असं या घरातून कधी झालं नाही. हे गेले म्हणून आज होणार का? मी म्हटलं, वहिनी, सुतकातून आजच उठलो, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोके जीपमा बसतीन." आणि खरंच, सकाळी शोभा आणि मी जीप घेऊन आलो तर सगळे तयार होऊन ओट्यावर बसलेले. वहिनीनं खुंटीवरचं बंडल काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी एकेकाच्या मनगटाला पट्टी बांधत गेलो. बांधून झाल्यावर एक पट्टी वहिनीनं उचलली आणि काही न विचारता माझ्या मनगटाला बांधली. या वेळी मी हात मागे घेतला नाही.

जीपमध्ये वहिनी माझ्या शेजारी होती. चिखली मागे पडलं आणि मी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं. वहिनीनं तरुणपणी त्याच कारखान्यात बॉबीन भरलेली, ओठांची भाषा तिलाही येते. "वहिनी, माय तिथं काय बोलली, भास्करनं तुम्हाला सांगितलं असेल." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मी बी विचारं व्हतं. त्या म्हनेत, ते पानीले सांगेल शे, माले नही." भास्कर म्हणाला होता, ते पाण्याला सांगितलेलं आहे, मला नाही... मग तिनं सावकाश सांगितलं. आमच्या माणसांना घरात मनातलं बोलायला जागा नसते. एका खोलीत आठ जण, सून ऐकेल, सासू ऐकेल, पोरं ऐकतील. धोधापाशी पोचली की प्रत्येक जण बोलायला लागतो, म्हाताऱ्या तर हमखास, कारण त्यांना वाटतं, आवाजात बुडून जाईल. आणि समोर लूमवाला उभा असला तर त्याला सगळं ऐकू जातं. मोठीमायच्या वेळी पहिली एक-दोन वाक्यं त्यानं वाचली आणि त्याला चोरी केल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तो शेवटच्या दगडावर उभा राहायचा तो माणसांकडे पाठ करून. त्याच्या पुढे कोणी जायचं नाही, हा नियम, आणि माणसांवर लक्ष ठेवायला मागे वहिनी. मला सगळं आठवलं. त्यानंतरच्या किती फोटोंत भास्करची नुसती पाठ दिसते! मी ते फोटो बघून शोभाला म्हणायचो, बघ, धोध जसा काही यानंच बांधलाय, पाहुणे सोडून स्वतःच बघत उभा राहतो.

धोध भरून वाहत होता. माणसं दगड धरधरून खाली उतरली आणि मी भास्करच्या जागी, शेवटच्या दगडावर गेलो. आता सांगतो ते सांगायला जड जातं. वहिनीनं सगळं सांगितल्यावरही मी तोंड माणसांकडेच केलं. मुद्दाम केलं. त्याला मिळालं ते मलाही मिळायला हवं, एवढंच डोक्यात होतं. आवाज असा की कपड्यांच्या आतून अंग थरथरत होतं. आत्या खडकावर बसली, तिनं हात जोडले. पोरंटोरं किंचाळत होती, त्यांची नुसती तोंडं उघडी दिसत होती. आणि मग कुसुमवहिनी पुढे येऊन उभी राहिली. नेहमी मागे उभी राहणारी, आज पहिल्यांदा पाण्यासमोर. डोक्यावर पदर घेतला आणि बोलायला लागली. मला लूम सोडून पस्तीस वर्षं झाली, पण विद्या गेली नव्हती. पहिले चार शब्द स्वच्छ वाचता आले, समोर पाटी लिहावी तसे. नवऱ्याशीच बोलत होती. आणखी बघत राहिलो असतो तर त्या घरातलं सगळं कळलं असतं, जे आत्याला बरं वाटायचं ते काय होतं हेही कळलं असतं, कदाचित मायचंही काही. ते चार शब्द मी इथं लिहिणार नाही. शोभालाही सांगितलेले नाहीत. मी वळलो. भास्करपेक्षा उशिरा वळलो, पण वळलो.

वळल्यावर पाण्याचे तुषार थेट तोंडावर आले. चष्मा पुसायचा नाद सोडून दिला. समोर नुसतं पांढरं, मागे माझी माणसं, आणि मागच्या कोणालाही माझं तोंड दिसत नव्हतं. तेव्हा मला एक गोष्ट सुचली. भास्करलाही इथं उभं असताना कोणी बघत नव्हतं. दहा-अकरा श्रावण तो असा उभा राहिला. कान गेलेला, कधी कोणाजवळ तक्रार न केलेला माणूस, माझ्यासारखा भाऊ असलेला. तो काय नुसतं पाणी बघत असेल? तोही बोलत असणार. आणि त्यानं सोबत ये म्हटल्यावर मी गुडघा दाखवला.

मी बोलायला लागलो. ओरडून नाही, आमच्या पद्धतीनं, नुसत्या ओठांनी. मायशी बोललो, मग त्याच्याशी. कात्रीचं सांगितलं. चप्पल शोधताना काय मनात आलं तेही सांगितलं, तुम्हाला सांगितलं त्याच्या आधी त्याला. बराच वेळ लागला. वर आलो तेव्हा शोभा कणसं घेऊन उभी होती. म्हणाली, "मान हलत होती तुमची. काय बोलत होतात?"

"आवाज केवढा होता," मी म्हणालो. "तिथं काय ऐकू येतं?"

तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि हातात कणीस दिलं. अजून गरम होतं.

परवा आत्याचा फोन आला. भादव्यात तिच्या लेकीच्या सासरची नऊ माणसं यायची आहेत, दोन दिवस काढून. मी म्हटलं, या की, वरची खोली तयार आहे, गाद्यांना ऊन दाखवून ठेवतो. आत्या म्हणाली, "नको रे भो, आम्हीन कुसुमकडेच उतरसूत. तू फक्त सकायले जीप लई ये." फोन ठेवल्यावर तोच जुना हेवा परत आला. मेला तरी पाहुणे त्याचेच. मग मी मनगटाकडे पाहिलं. पट्टीचा रंग उतरला आहे, अंघोळीत भिजून गाठ घट्ट बसली आहे. शोभा म्हणते, कापून टाका आता. मी कात्री माळ्यावर ठेवली आहे.